जात्यावरचं इंग्रजी आणि काकीची घागर

थांबा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. उद्यावर टाकलं तर मी ते नीट विंचरून, तेल लावून सांगेन आणि मग ते खरं राहणार नाही. कालच गावाहून सांगलीला मावशीकडे परत आलेय. पिशवी अजून कोपऱ्यात तशीच पडलीय, मावशी दोनदा ओरडून गेली, तरी मी लिहायलाच बसलेय. कारण परवा संध्याकाळी गावात मी काकीच्या मागोमाग नदीवर गेले आणि माझं इतक्या वर्षांचं सगळं इंग्रजीच डळमळायला लागलं!

म्हणजे काकीला इंग्रजी येतं असं नाही हं. तिला सहीसुद्धा येत नाही. पण ज्या एका शब्दावर मला इथल्या शाळेत जागा मिळाली, तो शब्द काकीचा होता. आणि आता तो काकीचा आहे की नाही, हेच मला कळेनासं झालंय. बघा, तुमचाही गोंधळ झाला ना? पहिल्यापासून सांगते.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. आमचं गाव इस्लामपूरच्या अलीकडं, कृष्णेच्या काठाला. ऊस, गुऱ्हाळ आणि प्रत्येक घरातला एक तरी माणूस पलटणीत. आमच्या घरातून काका गेला होता. काका म्हणजे आबांचा, माझ्या वडिलांचा, धाकटा भाऊ. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं आणि तो गेला. मागं राहिली काकी. ती माझ्यापेक्षा फार मोठी नव्हती, त्यामुळं आमची दोघींची गट्टी.

मी गावच्या शाळेत मराठी सातवी झाले आणि घरात माझ्या लग्नाचं बोलणं निघालं. मलकापूरचं स्थळ. कराडला लागून आहे ते मलकापूर. माणसं चांगली, जमीन ओलिताखालची, मुलाचं काय ते मला कुणी सांगितलं नाही. मी रडून गोंधळ घातला की मला सांगलीला शिकायचंय. आबा म्हणाले, "शिक की! पर इंग्रजी पहिलीपास्नं सुरू करून मॅट्रिक कवा व्हनार तू? तवर मलकापूरवालं काय पाटावर बसून ऱ्हानार हायत व्हय?"

मग आमचे मास्तर मधे पडले. आमच्या शाळेला एकच मास्तर, आटपाडीकडचे. त्यांच्या घरची माणसं अजून मेंढरं घेऊन हिंडायची, हे एकटेच मॅट्रिक झाले. गावचं पोस्टही त्यांच्याकडंच, शाळेतच एका पेटीत. मास्तर आबांना म्हणाले, "मी तिला फुडल्या उन्हाळ्यापतुर तयार करतो. पयल्या तीन यत्ता सोडून एकदम इंग्रजी चौथीत बसंल. सांगलीच्या शाळंच्या मोठ्या बाई स्वतः परीक्षा घेत्यात."

"आन न्हाई बसली तर?"

"तर मलकापूर," मास्तर म्हणाले.

असं ठरलं. चौथी नाहीतर मलकापूर.

आता मावशीनं सांगलीहून निरोप धाडला की त्या मोठ्या बाई लहानसहान काही विचारतच नाहीत. मांजर-कुत्रं, टेबल-खुर्ची असलं काही नाही. जड जड शब्द विचारतात. झालं! मी मास्तरांच्या मागं लागले की मला जड शब्द द्या. मास्तरांची शिकवायची रीत म्हणजे जगावेगळी. ते शब्दाचा मराठी अर्थ सांगायचेच नाहीत. मी म्हणायचे, "मास्तर, रिलक्टंट म्हंजे काय?"

"चल," म्हणायचे आणि उठून चालायलाच लागायचे.

त्या दिवशी ते मला आमच्याच गोठ्यात घेऊन आले. आमच्या म्हशीचं रेडकू गेलं होतं. ती पान्हा सोडत नव्हती. आई तिच्या पुढ्यात पेंड ठेवून, कासेला हात लावून, तिला चुचकारत बसली होती. मास्तर दारातूनच म्हणाले, "बघ. देनार न्हाई असं न्हाई. दील. पर मनातनं न्हाई. ह्ये रिलक्टंट."

"म्हंजे मराठीत काय म्हनायचं?"

"मराठीत नगंच. मराठी मधी घातली की तीच ध्यानात ऱ्हाती आन शब्द जातो पळून. आमच्यात पोराला मेंढरू वळखायला शिकवत्यात, तवा नाव न्हाई सांगत. मेंढरू म्होरं उभं करत्यात."

आईनं आतून विचारलं, "मास्तर, काय हुडकताय?"

"काय न्हाई वैनी, म्हस बघतुया."

दुसऱ्या दिवशी त्याच म्हशीनं आईला लाथ मारली आणि दुधाची चरवी उलथली. मी धावत शाळेत. "मास्तर, लाथ मारल्यावर रिलक्टंटच का दुसरा शब्द?"

"लाथ मारल्यावर बाजूला व्हायाचं," मास्तर म्हणाले.

तर असं माझं सगळं व्हायचं. शब्द कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू होतो तेच मला समजायचं नाही. 'ऑब्स्टिनेट'साठी मास्तर मला थेट मळ्यात घेऊन गेले. तिथं आबा भर पावसात मोटेवर बसून बैल हाकत होते. पाऊस पडतोय, विहीर भरतीय, पाटात पाणी मावेना, आणि गडी सांगतोय, "मालक, आता सोडा की." आणि आबा, "धरलंया ते पुरं झाल्याबिगार सोडनार न्हाई." मास्तर छत्रीतून माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "ह्ये ऑब्स्टिनेट. घरात सांगू नगंस."

पण पाठ कधी करायचं? दिवसभर घरचं काम. मग मी पहाटेचं जातं धरलं. आमच्याकडं जात्यावर काकी आणि मी समोरासमोर बसायचो. जात्याच्या कोपऱ्यातली भिंत पांढऱ्या मातीनं सारवलेली असायची, तिच्यावर मी कोळशानं शब्द लिहून ठेवायचे. दर अमावास्येच्या आदल्या दिवशी आई ती भिंत सारवायची. तिला किती सांगितलं तरी ती थांबायची नाही. "अवस तुझ्या इंग्रजीसाठी थांबंल व्हय?" म्हणायची आणि बोळा फिरवायची. त्यामुळं सारवायच्या आत भिंतीवरचं सगळं डोक्यात जायला पाहिजे, नाहीतर गेलं मातीखाली.

आणि जात्यावर बसून नुसतं पाठ कसं करणार? हात फिरायला लागला की तोंडातून ओवी येते, तिथं दुसरं काही येतच नाही. म्हणून मी शब्दच ओवीत घातले. पहिली ओवी देवाची, ती काकी म्हणायची, रोज तीच. मग माझी:

रिलक्टंट म्हस माझी, पान्हा चोरिते सकाळी
आई घालिते पेंड तिला, चरवी राहिते मोकळी

मग आबांची:

ऑब्स्टिनेट आबा माझं, बसलं गं मोटंवर
ऐकंना कुनाचं बाई, पाऊस घेतला अंगावर

काकी एवढी हसली की तिच्या मुठीतला जोंधळ्याचा घास जात्याबाहेर पडला. मग म्हणाली, "म्हशीवर करतीस, तुझ्या आबावर करतीस. माझ्यावर कर की गं एखादी."

"तुझा शब्द अजून आला न्हाई काकी."

"मग आन की. का मी म्हशीपरास हलकी हाय?"

तिचा शब्द आला तो थंडीत. मास्तरांनी फळ्यावर लिहिला, मेलँकली. मी म्हणाले, "चला मास्तर, कुठं जायचं?" पण ते उठले नाहीत. पोस्टाच्या पेटीचं कुलूप उगाच हलवून बघितलं. म्हणाले, "ह्यो दावायला मला यायचं न्हाई. तू एकटी जा. सांजच्याला नदीच्या वाटंवर कट्ट्याला जाऊन बस. कुनाला काय इच्यारू नगंस. आपसूक कळंल."

मी जाऊन बसले. बाया घागरी घेऊन आल्या, गेल्या. एक भांडत गेली, एक गात गेली. मला वाटलं, ह्यातली नेमकी कोणती? मग काकी आली. नदीची वाट शाळेवरून जाते. मास्तर शाळेला कुलूप लावत होते. काकी थांबली नाही, नुसती जरा सावकाश झाली. मास्तरांनी तिच्याकडं न बघता मान इकडून तिकडं हलवली. म्हणजे, आज काही आलं नाही. काकीनं पदर सारखा केला आणि गेली. मी उठणारच होते, पण मास्तर म्हणाले होते ना आपसूक कळेल म्हणून, तर बसून राहिले. भरली घागर घेऊन ती परत आली. मी तिच्या मागोमाग घरी.

आणि घरी काय बघते? काकी रांजणाकडं गेलीच नाही. परसात गेली आणि भरलेली घागर केळीच्या बुंध्यात ओतून मोकळी झाली. आणि परत निघाली!

"अगं काकी, आत्ताच तर आनलंस."

"केळीला पानी नगं व्हय?"

परत शाळेवरून. शाळा बंद. मास्तर कधीच घरी गेलेले. तरी तिथं पोचल्यावर तिचं पाऊल सावकाश झालं. परत नदी, परत परस, परत केळ. दिवस पार बुडाला तेव्हा कुठं एक घागर रांजणात पडली. आई आतून करवादली, "नदी घरी आनतीस का काय गं?"

पुढच्या पहाटे माझी ओवी तयार होती.

मेलँकली काकी माझी, उभी नदीच्या वाटंला
भरली घागर ओतिते बाई केळीच्या बुंध्याला

काकीनं जात्याचा खुंटा धरून ठेवला. मला वाटलं, रागावली. पण ती म्हणाली, "परत म्हन तो शबुद." मी म्हटला. तिनं म्हटला. पहिल्यांदा अडखळली, मग येऊ लागला. "लय ग्वाड हाय गं. तोंडात लाडू धरल्यागत वाटतंय. आन माझाच हाय न्हवं? दुसऱ्या कुनाला दिला न्हाईस न्हवं?"

"न्हाई काकी, तुझाच."

"अर्थ काय त्याचा?"

"मास्तर अर्थ सांगत न्हाईत."

"ऱ्हाऊ दे मग," ती म्हणाली आणि तीच ओवी तिनं दळण संपेपर्यंत म्हटली. नदीवर जाऊन सांगितलंही. "आमच्या पोरीनं मला इंग्रजी शबुद दिलाय." मग काय विचारता! कपडे धुता धुता बाया माझ्या अंगावरच आल्या. "मला गं? मला कंचा?" शेजारच्या घरातली बाई, जिचा आवाज पलीकडच्या काठाला ऐकू जायचा, तिला मी ट्रिमेंडस दिला. ती खूश. दुसरी म्हणाली, तिचा लांब आहे तर मला तिच्यापेक्षा लांब पाहिजे. उन्हाळा येईपर्यंत अर्ध्या गावाला मी शब्द वाटले होते आणि माझ्या डोक्यात प्रत्येक शब्दाला एक तोंड होतं, पण अर्थ मात्र एकाचाही नव्हता. आता सांगा, ही तयारी म्हणायची की काय म्हणायचं?

मग परीक्षेचा दिवस. आबा आणि मी बैलगाडीनं सडकेला आलो आणि तिथनं कोळशावरची मोटार. लढाईपायी पेट्रोल नव्हतं, मोटारीच्या मागं कोळशाची शेगडीच बसवलेली. चढावर ती थांबायची, किन्नर, म्हणजे मोटारीवरचा पोऱ्या, उतरून वारा घालायचा, मग परत धडधड. आबांच्या मांडीवर फडक्यात बांधलेला गुळाचा रवा, म्हणजे लहानशी ढेप, बाईंना द्यायला. वाटभर मी मनात देवाच्या ओवीपासून सगळं म्हणत होते. एकदा मधेच अडले तर पुढचं काहीच आठवेना, परत देवापासून सुरू करावं लागलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मला शब्द सुटे येतच नव्हते! माळेत ओवल्यासारखे एकापुढं एकच यायचे. आणि वर हात फिरल्याशिवाय यायचे नाहीत.

शाळेत मोठ्या बाईंची खोली. चष्मा, पांढरं पातळ, टेबलावर काचेचा गोळा. आबांना बाहेर बाकावर बसवलं. बाईंनी विचारलं, "रिलक्टंट. अर्थ सांग."

मी टेबलाखाली हात फिरवायला सुरुवात केली. मनात देव, मग म्हैस. "बफेलो," मी म्हणाले.

"काय?"

मी इंग्रजीत जेवढं जमेल तेवढं सांगितलं. आमची म्हैस. रेडकू गेलं. आई पेंड देते. म्हैस दूध देईल, पण मनातून नाही. बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. मग वाकून टेबलाखाली बघितलं. "हात कशाला फिरवतेयस गं?"

"दळन... दळण दळताना पाठ केलंय बाई."

"अस्सं. बरं, ऑब्स्टिनेट?"

हात फिरला. "माय फादर," मी म्हणाले.

फादर-मदर एवढं आबांना कळायचं, गावात पलटणीची माणसं होती ना. त्यांनी दारातून डोकं आत घातलं. "मला बोलावलं का बाई?"

"नाही हो. तुम्ही बसा बाहेर."

"न्हाई, नाव निघालं म्हनून आलो. हुबा ऱ्हातो की हितंच."

"बसा बाहेर."

"हुबा ऱ्हातो बाई, मला काय तरास न्हाई." आणि राहिले उभे. बाईंनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. मला वाटलं संपलं सगळं. मलकापूर.

मग त्या म्हणाल्या, "मेलँकली."

माझा हात थांबला. म्हणजे मला ओवी आठवावीच लागली नाही. काकीच समोर आली. मी म्हणाले, "माय आंट." आणि मोडकंतोडकं सांगत सुटले. संध्याकाळ. घागर. शाळेचं दार. मास्तरांची मान. भरलेलं पाणी केळीत ओतते आणि परत जाते. इंग्रजी संपलं की मराठी, मराठीतही आमच्याकडची. बाईंनी मधे थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "ती पाणी का ओतते?"

"पोस्टासाठी बाई. परत जाता यावं म्हणून. काका लढाईवर आहे."

"कुठं?"

"बर्मा म्हणतात. नक्की कुणाला माहीत नाही."

बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "मेलँकली म्हणजे खिन्नता. उदासी. तू सांगितलंस तो त्या शब्दाचा अर्थ नव्हे."

"म्हणजे चुकलं?"

"चुकलं असंही नाही."

"मग बरोबर?"

"बरोबर असंही नाही," बाई म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहायला लागल्या. "जूनमध्ये ये. चौथीत बस. आणि हात फिरवायची सवय सोड."

बाहेर आबा. "काय म्हनल्या?"

"चुकलं. पन घेतलं."

"म्हंजे कसं?"

"मलाबी कळलं न्हाई आबा."

आबा फडक्यातला गूळ हातात घेऊन तसेच उभे. "मग ह्यो द्यायचा का न्हाई?"

दिला. बाई नको नको म्हणत होत्या, आबा ऑब्स्टिनेट.

गावात आल्यावर पहिल्यांदा काकीनं परसात गाठलं. "माझा शबुद इच्यारला?"

"इच्यारला की! त्याच्यावरच घेतलं मला."

"बघ! आन अर्थ कळला?"

मी सांगितलं. उदास. खिन्न. काकीचा चेहरा एकदम कोरा झाला. मग ती हसली. "मी? उदास? मी कवा उदास हाय गं? तुझ्या त्या बाईनं मला बघितलंया व्हय? अर्थ ऱ्हाऊ दे त्यांच्यापाशी. शबुद माझा हाय, तो काय मी देनार न्हाई." आणि दुसऱ्या पहाटे तीच ओवी, तशीच, ठसक्यात. मलकापूरला आबांनी नकार कळवला. मी जूनमध्ये सांगलीला आले.

पुढं लढाई संपली. काका परत आला. सुखरूप आला, थोडा वाळलेला, पत्र्याची ट्रंक खांद्यावर. मी दिवाळीला गेले तेव्हा काकीच्या हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या आणि घरात नुसती खिदळाखिदळ. तिनं माझ्यासमोर काकाला ओवी म्हणून दाखवली. काकाला पलटणीतलं इंग्रजी यायचं, रेशन, ड्यूटी, मार्च असलं. तो म्हणाला, "मेलँकली म्हंजी काय?"

"म्हंजी मी," काकी म्हणाली.

आणि मी मनात त्या शब्दाचं दार लावून घेतलं. म्हटलं, संपला हा. काका आला, आता काकी मेलँकली नाही. आता कुणीतरी दुसरं माणूस त्याला शोधायला पाहिजे. मला अगदी बरं वाटलं. कसं स्वच्छ झालं सगळं.

आणि परवा!

परवा संध्याकाळी मी घरी ओट्यावर बसलेले. काका शेजारीच सुंभ वळत होता. काकी घागर घेऊन निघाली. आली. मी बघतेय तर परसात गेली. पाणी ओतल्याचा आवाज. आणि रिकामी घागर घेऊन परत वाटेला! केळीचं तर आता बनच झालंय तिथं, माणूस आत शिरला तर दिसायचा नाही. मी काकाकडं बघितलं.

"रोजचंच हाय," काका म्हणाला. "आमच्या पलटनीतबी कुनाला एवढं पानी मिळालं न्हाई. तूच इच्यार तिला. मला सांगत न्हाई."

मी धावले तिच्यामागं. शाळेवरून गेलो. मास्तर कधीच बदलून गेलेत, पोस्टही आता दुसरीकडं. दार बंद. तिचं पाऊल सावकाश झालं.

नदीवर मी विचारलं, "काकी, आता कुनाची वाट बघतीस? काका तर घरात हाय."

"वाट कोन बघतंय? पानी आनतीया."

"मग ओततीस का?"

तिनं घागर बुडवली. बुडबुडे आले, गेले. म्हणाली, "त्या वक्ताला घरात बसवत न्हाई गं मला. काय झालेलं नसतंय. ते म्होरं बसल्यालं असत्यात, चांगलं बोलत्यात, तरीबी."

"काका लढाईवर गेल्यापासनं?"

"छ्या. माहेरातबी तसंच. आई म्हनायची, पोरगी सांजची घरात ठरत न्हाई. तिकडं चिंच हुती आमची, तिला घालायची पानी."

"मग तवा मास्तरांकडं बघायचीस ते?"

"पोस्टाची वाट बघत हुते की. तेबी खरंच हाय."

"मग पानी कशासाठी ओतायचीस? पोस्टासाठी का त्यासाठी?"

"आता ते काय येगळं काढून ठेवलंय व्हय मी?" काकी म्हणाली. "तुमी शिकल्याली मानसं लय इच्यारता."

मी बाईंना सांगितलं होतं, पोस्टासाठी. त्यावर त्यांनी चष्मा काढला. त्यावर मी चौथीत बसले. त्यावर मलकापूर टळलं. आणि ते तर अर्धंच होतं, का पाव होतं, का काहीच नव्हतं? बाईंचा अर्थ घेतला तर उदासी. पण काकी म्हणते ती उदास नाही, आणि हसतेही तशी भरपूर. मग तिला संध्याकाळी घराबाहेर काढतं ते काय? मास्तरांना ते माहीत होतं का? म्हणून ते उठले नाहीत का त्या दिवशी? आता त्यांना कुठं विचारू, ते कुठल्या गावी आहेत तेसुद्धा मला माहीत नाही.

येताना मी म्हणाले, "दे घागर, मी घेते." घरी आलो. काका ओट्यावरच होता, आत चूल पेटलेली, आईची भाकरी थापायचा आवाज. सगळं चांगलं होतं. माझं तर सगळंच चांगलं झालंय. मी रांजणाकडं निघाले आणि काय झालं मला ठाऊक नाही, पाय परसाकडं वळले. ओतली मी घागर. केळीच्या बुंध्यात. आणि रिकामी घागर घेऊन उभी.

काकी बघत होती. फक्त म्हणाली, "चल, अजून उजेड हाय." आणि आम्ही दोघी परत नदीला निघालो.

या वर्षी माझी मॅट्रिक आहे. मोठ्या बाई अजून शाळेत आहेत, उद्या सकाळी त्या मला दिसतील. त्यांना जाऊन सांगू का, बाई, मी तेव्हा सांगितलं ते चुकलं होतं, पण तुमचंही बरोबर नाही? आणि त्या म्हणाल्या, मग बरोबर काय ते सांग, तर काय सांगू? माझा तर आत्ता लिहितानासुद्धा डावा हात मांडीवर गोल फिरतोय आणि ओवी काही पुढं सरकत नाही.

तुमचं झालंय का हो असं कधी? एखादा शब्द तुम्ही एखाद्या माणसावरून शिकलात, वर्षानुवर्षं वापरलात, आणि मग एक दिवस ते माणूस तुमच्या शब्दाबाहेरच निघून गेलं, असं? मग तुम्ही काय केलंत, शब्द बदललात की माणसाकडं परत पहिल्यापासून बघितलंत?